लाल खूण आणि बेथलेहेमची वाट

गेल्या वर्षी मृगाचा पहिला पाऊस नुकताच पडून गेला होता. वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील एका लहान गावी दिलेली माझी नात त्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीला गेली होती. नात म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलाची मुलगी. सातवा महिना लागलेला. पहिला मुलगा तीन वर्षांचा. संध्याकाळी तिचा फोन आला. एरवी भराभर बोलणारी ही पोर त्या दिवशी शब्द शोधत होती. शेवटी म्हणाली, “आजी, सिस्टरबाईनं कार्डावर लाल चिकटवलं वं. माह्यात काही खोट हाय का?”

मी तिची समजूत घातली. खोट वगैरे काही नाही, जरा अधिक काळजी घ्यायची एवढाच त्याचा अर्थ, असे सांगितले. फोन खाली ठेवल्यावर मात्र माझ्या ध्यानात आले की, तिच्या प्रश्नाचे उत्तर मी फार स्वस्तात दिले होते.

ही लाल खूण काय असते ते आधी सांगते. २०१६ सालापासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांतून गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून तपासणी होते. जिच्या बाबतीत धोका अधिक दिसतो तिच्या माता व बाल संरक्षण कार्डावर लाल चिकटपट्टी लावतात. जिच्यात तसे काही आढळत नाही तिच्या कार्डावर हिरवी. आधीचे सिझेरियन, वाढलेला रक्तदाब, सातच्या खाली गेलेले हिमोग्लोबिन, जुळी मुले, पोटात आडवे असलेले मूल अशी त्याची कारणे असतात. माझ्या नातीचे पहिले बाळंतपण सिझेरियनने झाले होते आणि आता रक्तदाबही वर सरकू लागला होता. जुन्या टाक्यांची जागा कळांच्या वेळी उसवण्याची शक्यता थोडी असते. पण तसे झालेच, तर शस्त्रक्रियेला क्षणाचाही विलंब चालत नाही. रक्तदाब फार चढला तर झटके येतात. म्हणून तिला सांगण्यात आले होते की, जेथे रात्री-अपरात्री शस्त्रक्रिया होऊ शकते आणि रक्त मिळू शकते, अशाच ठिकाणी बाळंतपण करावे.

वरवर पाहता हा वैद्यकाचा प्रश्न आहे आणि डॉक्टरांनी उत्तर दिल्यावर तो संपायला हवा. तो संपत नाही, याचा अनुभव पुढच्या आठवड्यात आला. तिच्या सासरी बैठक बसली. सासूबाई म्हणाल्या, “आमची पाचही बाळंतपणं घरीच झाली. देवानं निभावून नेलं.” आईचे म्हणणे, लेकीने माहेरी यावे, तिच्या गावापासून ग्रामीण रुग्णालय जवळ आहे. नवऱ्याच्या मनात तालुक्याच्या गावातील खाजगी दवाखाना होता. पैशाची तो सोय करणार होता, म्हणजे कर्ज काढणार होता. आशाताई वाशिम किंवा अकोला म्हणत होत्या. चौघांनाही तिचे हित हवे होते आणि चौघांची उत्तरे चार होती. मी गेले तेव्हा तिला स्वयंपाकघरात गाठले आणि विचारले, “तुला काय वाटते?” ती भाकरी थापताना थांबली. म्हणाली, “मले कोणी इचारलंच नाही.”

त्या एका वाक्यात नैतिक प्रश्न उभा राहतो. जोखीम जिच्या देहाची, तिने निवड करायची की इतरांनी? आणि निवड तिची म्हटली, तर ती पार पाडण्याचे ओझेही तिच्या एकटीचेच काय?

प्रथम त्या चौघांकडे न्यायबुद्धीने पाहू. पहिलटकरणीने माहेरी जावे ही आपली रूढी उगाच पडलेली नाही. ज्या घरात मुलीला ‘थोडे पडते’ म्हणण्याची मुभा असते, त्या घरी तिने अवघड दिवस काढावेत, हा त्यातला शहाणपणा. सासूबाईंना दवाखान्याची भीती वाटते, तिलाही अडाणीपणा म्हणून झटकून टाकता येत नाही. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात १८४० च्या दशकात प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात वैद्यकाचे विद्यार्थी असत, दुसऱ्यात सुईणी. पहिल्या विभागात बाळंतिणी तापाने कितीतरी अधिक मरत. गावातल्या गोरगरीब बायकांना ते ठाऊक होते. त्या दुसऱ्या विभागासाठी हातापाया पडत आणि काहीजणी तर पहिल्यात जाण्यापेक्षा रस्त्यात बाळंत होणे पत्करत. डॉक्टर त्यांना भित्र्या समजत. १८४७ साली इग्नाझ झेमेलवाईस यांनी शोधून काढले की, शवविच्छेदन करून आलेल्या हातांनीच ती बाधा पोहोचत होती. हात क्लोरीनच्या पाण्यात धुवायला लावताच मृत्यू झपाट्याने घटले. बायकांची भीती खरी ठरली. स्त्री एखाद्या जागेला भिते तेव्हा तिला धीर देण्याआधी तिचे कारण विचारावे, हा धडा त्या रुग्णालयाने फार मोठी किंमत देऊन शिकवला.

नवऱ्याचा विचारही प्रेमाचाच होता. परंतु महाग तेवढे सुरक्षित हे गणित नेहमी जुळत नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील सरकारी दवाखान्यांत शंभरांपैकी सुमारे चौदा बाळंतपणे सिझेरियनने झाली. खाजगी दवाखान्यांत सत्तेचाळीस. यांतली कितीतरी शस्त्रक्रिया जीव वाचवणाऱ्या असतील, हे मान्य. तरीही हा फरक केवळ स्त्रियांच्या देहांतला असेल असे म्हणवत नाही. भ्यालेल्या कुटुंबाला विकता येण्यासारखी एक वस्तू म्हणजे लाल खूण, हेही आपण ओळखून असावे.

आता श्रद्धेकडे वळू. कारण आपल्या घरांतून हा प्रश्न अखेर तेथेच येऊन थांबतो. ‘देव पाहून घेईल’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे आणि ते मला प्रिय आहे. पण हेच वाक्य वाळवंटातील मोहाच्या प्रसंगी सैतानाच्याही तोंडी आहे. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असे तो म्हणाला. आणि प्रभूने देवाची परीक्षा पाहण्यास नकार दिला. जिना असताना शिखरावरून उडी मारणे ही श्रद्धा नव्हे. उलट बाजूने, लाल खूण म्हणजे जणू निवाडाच झाला असे समजून हातपाय गाळणे हीसुद्धा श्रद्धा नव्हे. खूण एवढेच सांगते की, अशा शंभर स्त्रियांत अडचण येणाऱ्या काही अधिक असतात. बहुतेकजणी सुखरूप बाळंत होतात. आणि हिरवी खूण असलेल्या एखादीलाही प्रसूतीनंतर असा रक्तस्राव होऊ शकतो की तो थांबवता आला नाही, तर दोन तासांत सारे संपते.

मग या दोन टोकांमधली वाट कोणती? संत थॉमस अक्वायनस हिला विवेक म्हणतात आणि चार प्रमुख सद्गुणांत तिला अग्रस्थान देतात. विवेकाची जी अंगे त्यांनी सांगितली आहेत त्यांत मागच्याची आठवण आहे, जाणत्याकडून शिकून घेण्याची तयारी आहे, पुढचे पाहणे आहे आणि भोवतालची परिस्थिती न्याहाळणे आहे. विवेक म्हणजे भित्रेपणा, अशी आपली समजूत झाली आहे. खरे तर, जे चांगले आहे ते प्रत्यक्षात कसे घडेल याचा शोध घेणारे ते प्रेमच होय. लेकरू सुखरूप यावे ही इच्छा चौघांचीही होती. रात्री दोन वाजता गाडी कोण आणील, नाल्याला पूर असेल तर कोणत्या रस्त्याने जायचे, रक्त लागले तर कोण देईल, हे विचारणारा विवेक त्या बैठकीत अजून यायचा होता.

मी एवढ्या हट्टाने हे का म्हणते, ते सांगितले पाहिजे. उत्पत्तीच्या पुस्तकात राहेलची गोष्ट आहे. याकोबाचे कुटुंब बेथलेहेमच्या वाटेवर असताना तिला कळा लागल्या. प्रसूती अवघड होती. सुईण धीर देत राहिली, मुलगा झाला, आणि राहेल त्या वाटेवरच गेली. मरता मरता तिने बाळाला ‘माझ्या दुःखाचा पुत्र’ अशा अर्थाचे नाव दिले. बापाने ते बदलून बेन्यामीन ठेवले. माझ्या थोरल्या बहिणीची गोष्ट याहून वेगळी नाही. १९७४ चा पावसाळा होता. तिचे अंग सुजले होते, डोके सारखे दुखत होते. पण तेव्हा तिच्या कार्डावर खूण करणारे कोणी नव्हते आणि कार्डही नव्हते. घरात दोन दिवस वाट पाहण्यात गेले. तिसऱ्या दिवशी बैलगाडी निघाली ती नदीशी अडली. गाडीतच मूल झाले आणि गाडीतच ती गेली. ते मूल वाचले. तोच माझा भाचा आणि लाल खुणेच्या पोरीचा बाप. तिच्या लग्नातही त्याने आईचा फोटो मांडवात ठेवला होता.

१९९४ साली थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासकांनी मातामृत्यूंची कारणे मांडताना तीन विलंब सांगितले: घरात निर्णय व्हायला लागणारा, दवाखान्यात पोहोचायला लागणारा आणि पोहोचल्यावर उपचार मिळायला लागणारा. माझ्या बहिणीला पहिल्या दोघांनीच नेले. तिसऱ्याची पाळीच आली नाही. हे वाचले तेव्हा मला उमगले की, जोखमीची खूण आपण बाईच्या कार्डावर लावतो खरी, पण जोखीम तिच्या एकटीच्या पोटात नसते. थोडी ओसरीवरच्या बैठकीत असते, थोडी नाल्यावरच्या फरशीपुलावर असते, थोडी रिकाम्या रक्तपेढीत असते. तोच रक्तदाब घेऊन रुग्णालयाशेजारी राहणारी बाई आणि मानोऱ्याच्या आडगावात राहणारी बाई यांची जोखीम एक नाही. म्हणून माझ्या नातीच्या प्रश्नाचे खरे उत्तर असे होते: पोरी, खोट तुझ्यात नाही, आपल्या वाटेत आहे, आणि ती बुजवणे आमचे काम आहे.

त्या कामात ख्रिस्तसभाही सावकाशच शिकत गेली. प्रसूतीचे वैद्यकीय काम धर्मभगिनींनी करू नये, असा कित्येक शतकांचा दंडक होता. परपुरुषाकडून तपासून घेण्यापेक्षा भारतातील असंख्य स्त्रिया मरण पत्करतात, हे आग्नेस मॅकलारेन आणि त्यांच्यामागून ॲना डेंगेल या डॉक्टरांनी सांगून सांगून पटवले. ऑस्ट्रेलियातून गुंटूरला आलेल्या डॉ. मेरी ग्लोवरी यांना १९२० साली पोपमहाशयांनी खास परवानगी दिली. सर्वांसाठी ते दार फेब्रुवारी १९३६ मध्ये उघडले. त्याच वर्षी नाझरीन मंडळीच्या ऑर्फा स्पायकर या अमेरिकन डॉक्टर भारतात आल्या आणि १९३८ साली आपल्या वाशिमला, तेव्हाच्या बासिमला, त्यांनी रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय सुरू केले. पंथ वेगळा, पण ओळखलेली गरज एकच: बाईला तिच्या टप्प्यात असे ठिकाण हवे, आणि तेथे तिला विश्वासाने हात लावू देता येईल असे माणूस हवे. पुढे १९५६ साली पोप बारावे पायस यांनी स्पष्ट केले की, प्रसूतीच्या वेदना कमी करण्याचे उपाय योजण्यात काही पाप नाही. वेदना सोसणे हेच मातृत्वाचे मोल, असे ख्रिस्तसभेने म्हटलेले नाही. आपणही म्हणू नये.

येथे कोणी संत जान्ना बेरेत्ता मोल्ला यांचे उदाहरण देईल. गर्भाशयातील गाठीमुळे धोक्यात असतानाही त्यांनी बाळाचा जीव राखला आणि २८ एप्रिल १९६२ रोजी देह ठेवला. २००४ साली त्या संत म्हणून घोषित झाल्या. पण त्या स्वतः डॉक्टर होत्या. आपला आजार त्यांना पुरता ठाऊक होता, निर्णय त्यांनी स्वतः घेतला, गाठीची शस्त्रक्रिया करून घेतली आणि मोंझाच्या रुग्णालयात सिझेरियनने त्या बाळंत झाल्या. त्याग त्यांचा होता म्हणूनच तो पवित्र. दुसरीने त्याग करावा असे ओसरीवर बसून ठरवणाऱ्यांना त्यांचे नाव घेता येणार नाही.

स्वयंपाकघरात त्या दिवशी नात अखेर बोलली. तिला दोन गोष्टींची भीती होती. एक रात्रीच्या रस्त्याची. दुसरी एकटे पडण्याची. पहिल्या वेळी कळा सोसताना तिच्यावर कोणीतरी खेकसले होते आणि आईला बाहेर बसवले होते. शस्त्रक्रियेची भीती तिला नव्हतीच. बैठकीत हे सांगितले तेव्हा चारही उत्तरे जरा हलली. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे, जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन आणि ने-आण मोफत आहे, आणि २०१७ च्या ‘लक्ष्य’ उपक्रमात कळा देणाऱ्या स्त्रीजवळ तिच्या पसंतीची सोबतीण असावी असे सांगितले आहे, हे आशाताईंनी समजावले. मग नात म्हणाली, “अकोल्याले जातो मी, पण दिवस भरायच्या आधी जातो, आन् आई संगं पायजे.” निर्णय झाला. रस्त्याची भीती तिने रस्ता आधीच ओलांडून मिटवली.

पण अकोल्यात तीन आठवडे राहायचे कोठे? आपल्या धर्मग्रामातील ओळखीच्या एका कुटुंबाने आपली मागची खोली दिली. भाडे घेतले नाही. घरातील गृहिणी रोज तिच्यासाठी मीठ कमी घालून वेगळी भाजी करी. त्यांच्या दोन मुलांनी रक्तगट तपासून ठेवला. नातीचा नवरा शनिवारी येई, पेरणीची हकीगत सांगे आणि रविवारच्या मिस्सानंतर परत जाई. दिवस भरले, एका पहाटे कळा सुरू झाल्या, रिक्षाने पंधरा मिनिटांत ती रुग्णालयात पोहोचली. आईला जवळ बसू दिले. डॉक्टरांनी सारखे लक्ष ठेवले आणि दुपारी सिझेरियनशिवाय मुलगी झाली. रक्त लागले नाही. टाक्यांची जागा शाबूत राहिली.

म्हणजे काहीच झाले नाही. बारशाला सासूबाई हसत म्हणाल्या, “पाहा, झालंच ना नीट? उगीच तीन हप्ते त्या पोरीले परमुलखात ठेवलं.” मी वाद घातला नाही. विवेकाचे नशीबच असे आहे. संकट आले नाही की तो उगाच केलेला खटाटोप वाटतो. ‘काहीच झाले नाही’ हे तीन शब्द ऐकण्यासाठीच आपण गेलो होतो, हे सांगायला माझी बहीण असायला हवी होती.

लूकच्या शुभवर्तमानात एलिझाबेथला लोक वांझ म्हणत होते, वय उतरले होते. आजच्या कार्डावर तिला लाल खूणच लागली असती. तिच्याकडे पवित्र मरिया डोंगरांतली वाट तुडवून गेली आणि सुमारे तीन महिने राहिली. तिने सल्ला दिल्याचे कोठे लिहिलेले नाही. ती गेली आणि राहिली, एवढेच. पुढे मरियेची वेळ आली तेव्हा मात्र नावनोंदणीच्या हुकुमाने तिला घरापासून दूर नेले होते, त्याच वाटेवरच्या बेथलेहेमला, जेथे कधीकाळी राहेल पडली होती. आणि दिवस भरलेल्या त्या स्त्रीला उतारशाळेत जागा नव्हती. नाताळात आपण गव्हाण एवढी सुंदर सजवतो की, ती गोष्ट मुळात नाकारलेल्या खोलीची आहे हे विसरून जातो.

महाराष्ट्रात आज शंभरांतली जवळजवळ पंच्याण्णव बाळंतपणे दवाखान्यात होतात. २०१८ ते २०२० या काळात देशात एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावल्या, महाराष्ट्रात ३३. तरी या तेहतिसांतली प्रत्येकजण कोणाची तरी थोरली बहीण होती. वाशिमला २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, त्यामुळे पुढे वाट आणखी आखूड व्हावी. दुर्गम आदिवासी भागांत शासनाने आरोग्य केंद्रांजवळ ‘माहेरघर’ नावाच्या खोल्या उभारल्या, त्या बाळंतपणाआधी येऊन राहण्यासाठीच. नाव अगदी योग्य आहे. आपल्यापैकी ज्यांची घरे मोठ्या रुग्णालयांच्या गावी आहेत, त्यांच्या मागच्या खोल्यांनाही ते शोभेल.

धर्मग्रामात पुढची लाल खूण कोणाच्या तरी कार्डावर लागेलच. त्या दिवशी तिच्या घरी जाऊन आपला सल्ला सांगण्याआधी तिला विचारावे: तुला कशाची भीती वाटते? आणि तिने सांगितले की, ते दूर करण्यासाठी आपल्याजवळ काय आहे ते पाहावे. खोली, गाडी, रक्त, चार दिवसांची रजा, काहीतरी असतेच. निवड तिची आहे. वाट आपण सर्वांनी मिळून बांधायची आहे.